खानेसुमारीचा शेवटचा रकाना

माझ्या आत्याला कल्याणातली माणसं वेडी म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागे फार हळू आवाजातही नाही. आमची भिक्षुकांची आळी घराला घर लागलेली. एका घरात मिरच्यांची फोडणी पडली की चार घरांत शिंका येत. तिथे हळू बोलायची सोयच नव्हती. आत्या वेडी का, तर ती रोज सकाळी आंघोळ करून ताम्हनात मूठभर तांदूळ, एक फूल आणि हळदकुंकू घेऊन स्टेशनावर जायची आणि घाटाकडून येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाची पूजा करायची. गाडी थांबली की इंजिनाच्या पुढच्या लोखंडाला कुंकवाची बोटं लावायची, तांदूळ आणि फूल वाहायचं, हात जोडायचे, आणि घरी येऊन भाताचं आधण ठेवायचं. एवढंच तिचं वेड. बाकी सगळ्या बाबतीत आळीतल्या बायका तिलाच सल्ला विचारायला येत.

आगगाडी पहिल्यांदा कल्याणास आली तेव्हा म्हणे सगळं गाव नारळ घेऊन धावलं होतं. सवाष्णींनी इंजिनाला ओवाळलं, शास्त्र्यांनी मंत्र म्हटले, एका म्हाताऱ्याने साष्टांग नमस्कार घातला. त्याला तेव्हा भाविकपणा म्हणत. पुढे लोकांना गाडीची सवय झाली आणि भाविकपणा आटोपला. आत्याने सुरुवात केली ती पहिल्या गाडीनंतर नऊ-दहा वर्षांनी, एकटीने. लोखंड तेच, कुंकू तेच, फक्त सोबतीला गर्दी नव्हती, म्हणून ते वेड ठरलं.

त्यात आत्या बालविधवा. केस काढलेली, तांबडं आलवण नेसणारी. तिच्या हातचं कुंकू कोणाही बाईला चालणारं नव्हतं. शेजारणीने एकदा तिला तसं सुनावलं, तेव्हा आत्या म्हणाली, "इंजिनाला चालतं की नाही ते त्यालाच विचारा. मला तर आजवर काही बोललं नाही."

या वेडाचं कारण मात्र प्रत्येकाकडे तयार होतं, आणि ते ज्याच्या-त्याच्या धंद्याला साजेसं होतं. वैद्यबुवा म्हणत, वायू डोक्यात चढलाय. त्यांनी ब्राह्मीचं तेल दिलं. कोपऱ्यावरचे शास्त्रीबुवा म्हणत, मागच्या जन्मीचं काही राहिलंय. त्यांनी पिंपळाला रोज शंभर प्रदक्षिणा सांगितल्या. पिंपळाभोवती शंभर वेळा फिरणं हा शहाणपणा आणि इंजिनापुढे एकदा हात जोडणं हे वेड, याचा हिशेब मला कधी लागला नाही. वर्तमानपत्र वाचणारे वकील म्हणत, हे सगळं अज्ञान आहे, बायका शिकल्या की जाईल. शेजारणींचं एकमत होतं की नवरा नाही, मूल नाही, बाईने करायचं तरी काय. मूल नाही म्हणताना समोर मी बसलेला असे.

माझे आईवडील पटकीने गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. वडील शहापुराकडे कारकुनीला होते. तिथून मला कल्याणास आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, घरी आणलं आणि आत्याने वाढवलं, एवढीच माझी मला माहिती. पुढे आजोबा गेले. मी शिकलो, मराठी शाळेत मास्तर झालो. त्या वेळी मी एकवीस वर्षांचा आणि सर्वज्ञ होतो. आत्याच्या हातचं खाऊन तिचीच लाज वाटून घेण्याइतकं शिक्षण माझं झालेलं होतं. स्टेशनाच्या बाजूला जायची वेळ आली की मी लांबच्या रस्त्याने जायचो. ठाण्याचे एक गृहस्थ मला मुलगी सांगून आले होते. ते नेमके सकाळच्या वेळी स्टेशनावर उतरले, त्यांनी तो सोहळा पाहिला, आणि आमच्या घरी चहाला येण्याऐवजी परतीची गाडी धरली. घराण्यात वेड आहे, असा त्यांचा निरोप मागाहून आला. मी त्या दिवशी आत्याशी बोललो नाही. तिने मात्र पानात तूप रोजच्यापेक्षा जास्त वाढलं.

त्याच वर्षी सरकारने खानेसुमारी काढली. माणसांची मोजणी हो. घरोघर जाऊन नाव, वय, जात, धंदा लिहून घ्यायचा. आम्हा मास्तर लोकांना त्या कामाला जुंपलं. छापील कागद आले. त्यात शेवटचा रकाना होता: आंधळे, मुके-बहिरे, महारोगी, वेडे.

कागद घ्यायला कचेरीत गेलो तर फौजदारांनी मला बाजूला बोलावलं. स्टेशनमास्तर नवे होते, त्यांचा अर्ज आला होता. आत्याचा पदर एकदा इंजिनात अडकता अडकता राहिला होता, आणि तो माणूस घाबरला होता. त्यात त्याची काही चूक नव्हती. फौजदार म्हणाले, "मास्तर, बाई शहाणी असेल तर रुळाकडे जाणार नाही असं लिहून द्या. पण वेडी असेल तर लिहून घेऊन उपयोग काय? मग तिला मुंबईच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं लागेल. खानेसुमारीत तिच्या नावापुढे काय लागतं ते मला येऊन सांगा. मी त्यावर चालेन."

मी बरं म्हटलं. आळीचं काम दुसऱ्या मास्तरांकडे होतं. ते काय लिहितील ते लिहितील, आपल्यावर नाही, असा पळपुटा विचार मी केला. आणि खरं सांगायचं तर, त्यांनी 'वेडी' लिहिलं तर निदान सगळं एकदाचं मिटेल, असंही मनात येऊन गेलं. आत्या, हे तुला मी कधी सांगितलं नाही. इथे लिहितो.

माझ्या वाट्याला डोंबिवलीपलीकडचं खाडीकाठचं गाव आलं होतं. वस्ती शेती करणाऱ्यांची आणि मिठागरांत राबणाऱ्यांची. दोन दिवस मी घरोघर बसून लिहीत होतो. तिथे एक चाळिशीचा माणूस मी पाहिला. तो कोणाशी बोलत नसे. सकाळपासून खाडीच्या बांधावरून चालायचा, मध्येच पालथा पडून चिखलाला कान लावायचा, आणि एकदम उठून डबा बडवत ओरडायचा. घरात तो बसत नसे. गावातल्या बायका पाळीपाळीने त्याला भाकरी नेऊन देत. मी त्याचं नाव लिहिलं आणि थेट शेवटच्या रकान्यावर आलो.

गावचा एक म्हातारा शेजारी बसून मला माणसं सांगत होता. त्याने विचारलं, "काय लिवताव, मास्तर?"

"वेडा," मी म्हटलं.

"येरा? कोन बोलला?"

"अहो, चिखलाला कान लावून ओरडतो तो!"

म्हातारा माझ्याकडे कीव येऊन बघायला लागला आणि खेकडे बांध कसे पोखरतात ते सांगू लागला. "बांधाला खेकरी बोकं पारतान. पानी आत शिरतं नी मीठ जातं. आमाला आयकू येत नाय, त्याला येतं. तुमच्या कागदावं बांध राखनारा असा खाना हाय का?"

"धंद्याचा रकाना आहे."

"मंग तितं लिवा ना! येरा लिवलाव तं सरकार त्याला नेल. मंग बांध कोन आयकल? तुमी आयकाल?"

सरकार कोणालाही नेत नाही, ही नुसती मोजणी आहे, असं मी ठसक्यात सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. फौजदारांचं बोलणं आठवलं. म्हातारा अडाणीपणाने ज्याला भीत होता, ते माझ्या घरी खरंच घडायला आलं होतं. मी धंद्याच्या रकान्यात 'बांध राखणारा' असं लिहिलं. शेवटच्या रकान्याचं पुढे बघू म्हणून तो तसाच सोडला. तो तसाच सोडलेला कागद पुढे वर गेला आणि कोणी मला विचारलं नाही.

कल्याणास परत आलो तर आळीचे मास्तर तापाने फणफणलेले, आणि ते काम माझ्या गळ्यात आलेलं. दोन दिवस मी सगळ्या आळीची घरं लिहिली. आमचं घर शेवटी ठेवलं.

दुपारची वेळ होती. आत्या ओसरीवर बसून वाती वळत होती. मी समोर बसलो, दौत मांडली आणि उगाचच सरकारी आवाज काढून विचारायला सुरुवात केली. आधी माझी स्वतःची ओळ भराभर लिहून टाकली: नाव, वय, जात ब्राह्मण, धंदा शाळामास्तर. मग तिची. नवऱ्याचं नाव ती घेईना. ते आजोबांच्या जुन्या टिपणातून काढलं. धंदा विचारला तर म्हणाली, "लिही, भाताचं आधण ठेवणे." मी हसलो नाही. शेवटच्या रकान्याशी आलो आणि टाक थांबला.

"का रे थांबलास?"

मग मी तिला सगळं सांगितलं. अर्ज, फौजदार, इस्पितळ. सांगता सांगता माझा आवाज चढला. "एकदा मला कारण तरी सांग, आत्या! इतकी वर्षं काय चाललंय हे? कारण कळलं तर मी काही तरी लिहू शकेन. नाही तर मी काय लिहू?"

तिने वाती बाजूला ठेवल्या. उठून पुढचं दार लोटून घेतलं. आमच्या आळीत भरदुपारी दार लोटणं म्हणजे आत कोणी तरी मेलं असा अर्थ. मग ती बसली आणि हळू आवाजात बोलायला लागली.

"तू गाडीने आलास हे तुला ठाऊक आहे. कसा आलास ते नाही. शहापुराहून निरोप आला होता, दादा-वहिनी दोघंही गेली, पोर तेवढं राहिलंय, सकाळच्या गाडीने कोणाबरोबर तरी पाठवतो. आबा बाहेरगावी होते. मी एकटी स्टेशनावर गेले. गाडी आली, माणसं उतरली, मूल कोणाच्याच कडेवर दिसेना. डब्याडब्याशी जाऊन विचारलं. लोक तोंड फिरवत होते. पटकीच्या घरातलं पोर म्हणून एकाही डब्यात तुला घेतलं नव्हतं रे! मला वाटलं, तूही गेलास. तेवढ्यात पुढून कोणी तरी शीळ घातली. इंजिनावरचा टोपीवाला साहेब. कोळशाने काळा झालेला, आणि त्याच्या कडेवर तू. त्याने तुला इंजिनावर घेतलं होतं. सबंध वाट."

मी हातातला टाक खाली ठेवला.

"तुझ्या हातात पावाचा तुकडा होता," आत्या म्हणाली. "अर्धा खाल्लेला. त्याच्या भांड्यातलं पाणीही प्यायला असशील, तोंड ओलं होतं."

आज वाचणाऱ्याला यात दार लावण्यासारखं काय, असं वाटेल. आता स्टेशनाबाहेरच्या दुकानात पाव मिळतो आणि आळीतले लोक तो उपरण्याखाली लपवून का होईना, नेतात. पण त्या काळी साहेबाच्या हातचा पाव पोटात गेलेलं पोर म्हणजे बाटलेलं पोर. त्याला प्रायश्चित्त, आणि प्रायश्चित्त देऊनही लोक त्याला पंगतीत शेजारी घेतील याची खात्री नाही. मुंज अडली असती. आजोबांची भिक्षुकी बुडाली असती. आळीने विहीर बंद केली असती.

"आबांनासुद्धा सांगितलं नाही," ती म्हणाली. "तो तुकडा पदराआड धरून आणला आणि खाडीत टाकला. तू केवढा रडलास! मग वाटलं, त्या माणसाला काय द्यावं? त्याला जेवायला बोलावता येत नाही, त्याची भाषा मला येत नाही. मी कोणाची ओटी भरणारी नव्हे, कोणाला वाण देणारी नव्हे. माझी ओटी मात्र त्याने भरली. म्हणून दुसऱ्या दिवशी तांदूळ आणि फूल घेऊन गेले, आणि त्याच्या इंजिनाला वाहिलं. तो टोपी काढायचा. वर्षा-दोन वर्षांनी बदलून गेला कुठे तरी. मला काही थांबता येईना."

"अगं, मग नवस आहे म्हणून सांगायचंस लोकांना!"

"नवस म्हटलं की विचारतात, कसला, कधी बोललीस, कशासाठी. आपल्या शेजारणी आहेत त्या, फौजदार बरा त्यांच्यापुढे. वेडीला कोणी कारण विचारत नाही, बाळ."

आळीने माझ्याबद्दल काही विचारू नये म्हणून या बाईने स्वतःबद्दल काय वाटेल ते बोलू दिलं होतं. वैद्यबुवांचं तेल डोक्याला चोळून घेतलं होतं, पिंपळाभोवती फिरली होती. ठाण्याचे गृहस्थ मुलगी न देता परत गेले, तेव्हा मी अबोला धरला, आणि तेव्हाही एका वाक्यात मला खाली मान घालायला लावता आलं असतं, ते तिने केलं नव्हतं.

ती उठली. "तुला काय लिहायचं ते लिही. लेखणी तुझ्या हातात आहे. उन्हातून फिरलायस, पाणी आणते." आणि आत गेली. मागे वळून पाहिलं नाही.

मी कागदाकडे पाहिलं. वरच्या ओळीत माझी जात काळ्या शाईने ठणठणीत लिहिलेली होती. ती लिहिताना मला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. ती शाई तिथे टिकली ती खालच्या ओळीतल्या बाईमुळे. मी तिच्या धंद्याच्या रकान्यात 'घर राखणारी' असं लिहिलं. शेवटच्या रकान्यात शून्य घातलं नाही, आडवी रेघही ओढली नाही, कोरा ठेवला. डोळ्यांना पाणी आलं होतं, ते कागदावर पडू नये म्हणून मी मान वर करून बसलो.

पाणी आणायला तिला त्या दिवशी नेहमीपेक्षा वेळ लागला. तांब्याबरोबर गुळाचा खडा होता. मी काय लिहिलं ते तिने विचारलं नाही. तिला वाचता येत नव्हतं. त्यानंतर ती सहा वर्षं जगली, पण त्या सहा वर्षांतही कधी विचारलं नाही.

मी फौजदारांना सांगितलं, वेडी नाही. त्यांनी खात्री करायला हवालदार आळीत पाठवला. इतकी वर्षं ज्यांनी तिला वेडी म्हटलं त्यांनाच तो विचारणार होता. पहिले भेटले शास्त्रीबुवा. पिंपळाच्या प्रदक्षिणा सांगणारे तेच. हवालदाराने विचारताच ते भडकले. "वेडी? आमच्या आळीत? तुम्हाला कोणी सांगितलं हे? त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त तिथी पाठ आहेत!" मग शेजारीण बाहेर आली, वैद्यबुवा आले, आणि सगळ्यांनी मिळून हवालदाराला असं धारेवर धरलं की तो छत्री विसरून गेला. आपसात ते तिला वेडी म्हणतच राहिले. पण ते घरातलं बोलणं होतं. ते सरकारी कागदावर जाऊ द्यायला त्यांच्यातला एकही तयार नव्हता. शास्त्रीबुवांना पावाची गोष्ट कळली असती तर त्यांनीच मला पहिल्यांदा पंगतीतून उठवलं असतं, हे मला ठाऊक आहे. तरी त्या दिवसापासून मी त्यांना नमस्कार मनापासून करत आलो.

रुळाकडे जाणार नाही, असं आत्याने अंगठा उठवून लिहून दिलं. मग ती तारेच्या कुंपणापाशी उभी राहू लागली. पहिल्या दिवशी ताम्हन हातात घेऊन नुसती बघत राहिली, कारण कुंपणापासून इंजिन लांब होतं. दुसऱ्या दिवशी रूळ बदलणाऱ्या पॉइंटवाल्याने काही न विचारता हात पुढे केला, तांदूळ आणि फूल घेतलं आणि इंजिनावर नेऊन ठेवलं. त्यानंतर तो रोजच नेऊ लागला. स्टेशनमास्तर तोंड फिरवून उभे राहत. त्यांचेही माझ्यावर उपकार आहेत.

त्या टोपीवाल्याचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. साथीच्या घरातलं मूल इंजिनावर घ्यायचं नाही, असा त्याच्याही लोकांत काही नियम असेलच, आणि त्यालाही कोणी तरी वेडा म्हटलं असेल. तो म्हातारा, तो बांधाला कान लावणारा, शास्त्रीबुवा, पॉइंटवाला, यांतल्या कोणाचंही देणं माझ्याकडून फिटलं नाही. फिटावं असंही वाटत नाही. ते अंगावर आहे तोवर मी जरा नीट वागतो.

आत्या गेली ती घरात, आपल्या अंथरुणावर, माझा हात धरून. तेराव्यानंतरच्या सकाळी मी ताम्हन घेतलं आणि स्टेशनावर गेलो. मधल्या काळात माझं लग्न झालं होतं; बायकोला मी कारण सांगितलं आहे. आळीला सांगितलं नाही. मास्तरांना आत्याचंच लागलं, असं लोक म्हणतात. हल्ली कारण मात्र नवीन आहे: पुस्तकं फार वाचली.

दहा वर्षांनी पुन्हा खानेसुमारी आली. एक तरुण मास्तर आमच्या ओसरीवर येऊन बसला, नेमका आत्या बसायची त्या जागी मी होतो. नाव, वय, जात, धंदा भराभर झालं. शेवटच्या रकान्याशी त्याचा टाक थांबला. सकाळी त्याने मला कुंपणापाशी पाहिलं असणार. तो बिचारा लाल झाला, कागदाकडे बघू लागला.

"लेखणी तुमच्या हातात आहे," मी म्हटलं. "उन्हातून आलात, पाणी आणतो."

आत गेलो, माठावरचं झाकण काढलं आणि तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिलो. बाहेर टाक कागदावर घासल्याचा आवाज येतो का, ते ऐकत. त्या दुपारी आत्याला इतका वेळ का लागला, ते मला तिथे कळलं.